सावजी न सोडता वजन कसं उतरवावं

वजन उतरवायचं ठरवलं असेल तर आधी फ्रिजच्या दारावरचा तो छापील तक्ता काढून टाका. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेली ब्रोकोली, रात्री सूप. मला तो एका जिममधून मिळाला होता. अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी घरी पाटोडीचा रस्सा झाला आणि तक्ता तिथेच संपला. तसले आणखी तीन तक्ते मी पुढे केले, नणंदेलाही करायला लावले. आज ठामपणे सांगते, ज्या घरात रोज वरण-भात-भाकर होते, तिथे वजन त्याच गंजातल्या जेवणावर उतरतं. स्वतःपुरतं वेगळं शिजवणं महिनाभरही टिकत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्याआधी. कंबरही टेपनं मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या वर गेली की आपल्याकडे ती जास्त धरतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण औषध तेवढंच राहिलं आणि ताट अर्धं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मग तीन दिवस जे जे तोंडात जातं ते लिहून काढा, चहातल्या साखरेसकट.

ताटाचं गणित सोपं आहे. अर्ध्या ताटात भाजी आणि कच्चं, पाव ताटात भाकर, पोळी किंवा भात, उरलेल्या पाव ताटात डाळ, उसळ, दही, अंडं, मासळी किंवा मटण. कच्च्यासाठी आमच्या विदर्भात घोळाणा आहेच, मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून केलेला. वरण मात्र घट्ट हवं. पातळ पिवळ्या पाण्यावर पोट भरत नाही आणि तासाभरात हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. पोळी सोडून ज्वारीची भाकर धरली की वजन आपोआप उतरतं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दोन्ही पिठांच्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. भाकर जरूर खा, पण दोनच्या जागी तीन खाल्ल्या तर ज्वारी तुम्हाला वाचवणार नाही.

तेलाचं मात्र मनावर घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2,000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाज्या, 85 ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. तुमच्या घरी किती डबे संपतात ते किराणा दुकानाच्या बिलावर बघा. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, पिठात आणि डाळीत त्याच्या निम्म्याहून कमी. वडाभातावर वरून जी फोडणी ओततात ती तीन मोठे चमचे असली तर तेवढ्यातच साडेतीनशेच्या वर कॅलरी झाल्या, वडे वेगळेच. वडाभात बंद करू नका. फोडणी चमच्यानं मोजून एक घ्या आणि भातात हातानं नीट कालवा. चव सगळीकडे लागते.

इथपर्यंत कोणालाही जमतं. लोक गळतात ते पुढे, आणि मीही तिथेच चार वेळा गळले. घडी मोडल्यानंतरचं पहिलं जेवण, हीच ती जागा.

काटोलला चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत वांग्याची भाजी, पुऱ्या, मसालेभात, वर आग्रहाची जिलबी, तीही दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिले तर दीड किलो जास्त. हात-पाय गळाले. तो दिवस मी नुसत्या लिंबूपाण्यावर काढला. संध्याकाळी पाच वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिवड्याचा डबा उघडला आणि तळाचे शेंगदाणे हाताला लागेपर्यंत थांबले नाही. मग आता मोडलंच आहे, सोमवारपासून बघू, असं स्वतःला सांगितलं. तो सोमवार तीन महिन्यांनी आला, आणि तोवर चार किलो खरोखरच चढले होते. ते लग्नामुळे चढले नाहीत, त्या लिंबूपाण्यामुळे चढले.

म्हणून हे नीट समजून घ्या. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका पंगतीत ते होत नाही. सकाळी काट्यावर दिसतं ते बहुतेक पाणी आणि पोटातलं न पचलेलं अन्न. मीठ पाणी धरतं. पुरी, भात, जिलबीतून आलेली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं, तेव्हा त्या साठ्यासोबत त्याच्या तिप्पट पाणी येतं. तीन-चार दिवस नेहमीसारखं जेवलात की ते निघून जातं. आठवड्यात चार किलो उतरवून देण्याच्या जाहिराती याच पाण्यावर चालतात.

तेव्हा लग्नाच्या, बारशाच्या, सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढायचं नाही. उपास करायचा नाही, नुसती फळं नाहीत, रात्रीचं जेवण टाळणंही नाही. सकाळी रोजचाच नाश्ता, शक्यतो डाळीचा किंवा अंड्याचा: मुगाचं धिरडं, चण्याची उसळ, दोन उकडलेली अंडी. दुपारी नेहमीचं ताट. भूक नसेल तर कमी घ्या, पण ताटावर बसा. सोमवारची वाट बघायची नाही. घडी दुपारी मोडली तर ती रात्रीच्या जेवणाला बसते. माझ्या नणंदेला मी एवढी एकच गोष्ट पाळायला लावली. बाकी तिनं बरंच आपल्या मनानं केलं, तरी वर्षभरात नऊ किलो उतरवले.

आठवड्यातली दोन मनाची जेवणं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ती मोडल्यात जमा होत नाहीत. आमच्याकडे रविवारी सावजी मटण असतं. तर्री भांड्यात दहा मिनिटं स्थिर ठेवली की लाल तवंग वर येतो. तो पळीनं बाजूला काढते, फोडी आणि खालचा रस्सा घेते, दोन भाकरी, भरपूर कांदा, लिंबू. तिखटाचा झणका तसाच राहतो. तर्री पोह्यांचंही तेच, चणे जास्त मागून घ्या आणि तर्री एकदाच. शेजारी बसून कोणी तुमच्या प्लेटमधली कॅलरी मोजायला लागलं तर विषय बदला.

उपवासाला वजन उतरतं, हा समज सोडा. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. भगर आणि ताक घ्या.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा खाणं कमी होतं, पण पिणं वाढतं, आणि गडबड पिण्यात होते. उसाचा रस, सरबतं, बाटलीतली पेयं यांची साखर पोटाला कळतच नाही. माठातलं पाणी, मीठ-जिऱ्याचं ताक, कमी गुळाचं पन्हं. संत्रं सोलून खा, रस काढू नका; आंबिया आणि मृग असे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे हंगाम, मिळतात, त्यात हयगय करू नका.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तर पुरे. दोन आठवडे काटा हलला नाही आणि टेप थोडी आत येत असेल तर काहीही बदलू नका. महिनाभर दोन्ही जागच्या जागी राहिले तर भाकर कमी करण्याआधी तेलाचा चमचा पुन्हा मोजा. माझ्या स्वयंपाकघरात दर वेळी चमचा जाऊन त्याच्या जागी पळी आलेली सापडली.