पासवर्ड विसरलात? खातं परत मिळवताना या चुका टाळा

पासवर्ड विसरणं तसं किरकोळ आहे. 'फरगॉट पासवर्ड' दाबलं, कोड आला, नवा पासवर्ड टाकला की दोन मिनिटांत काम होतं. घोळ होतो तो कोड ज्या नंबरवर जायला हवा तो नंबरच बंद असतो तेव्हा, किंवा ज्या ईमेलवर जातो त्याचाही पासवर्ड आठवत नसतो तेव्हा. मग माणूस घाबरतो, दिसेल ते बटण दाबतो आणि साधं काम आठवडाभराचं होऊन बसतं.

लॉगिन असलेल्या ठिकाणाहून बाहेर पडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोनवर पासवर्ड चालेना म्हणून लोक ॲप अनइन्स्टॉल करतात, नाहीतर 'क्लिअर डेटा' करतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, घरच्या टॅबवर किंवा कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर तेच खातं उघडं असतं, याचा विसर पडतो. हात लावण्याआधी घरातली सगळी यंत्रं तपासा. कुठेही खातं उघडं सापडलं तर तिथून लॉगआउट न करता आधी सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल कोणता आहे ते बघा. तो जुना असेल तर तिथूनच बदलून घ्या. पासवर्ड त्यानंतर.

दुसरं, पासवर्ड फोनमध्ये आधीच साठवलेला असू शकतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत 'पासवर्ड मॅनेजर' टाइप करा. क्रोममध्येही तीच यादी मिळते. आयफोनवर आयओएस १८ पासून 'पासवर्ड्स' नावाचं वेगळंच ॲप आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते सेटिंग्जच्या आत होतं. फोनचं लॉक उघडलं की साठवलेला पासवर्ड जसाच्या तसा दिसतो. निम्मी धावपळ इथेच वाचू शकते.

बरोबर पासवर्डही 'चूक' ठरतो

मराठी कीबोर्ड चालू असेल तर त्यावर 123 ऐवजी १२३ उमटू शकतात. डोळ्याला आकडा तोच, पण सर्व्हरसाठी ही पूर्णपणे वेगळी अक्षरं. पासवर्डच्या जागी ठिपके दिसत असल्यामुळे हे कळतही नाही. म्हणून डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून टाइप केलेलं बघा आणि कीबोर्ड इंग्रजीवर आणा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून ठेवलेला पासवर्ड कॉपी-पेस्ट केला की कधीकधी शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते, तीही पुसा. फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, हाही नेहमीचाच त्रास.

दोनतीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. एकामागून एक अंदाज मारत राहिलात की यंत्रणा तुम्हालाच चोर समजते आणि खात्यावर काही तासांची, कधी दिवसभराची बंदी येते.

कोड येत नाही म्हणून दहा वेळा 'रीसेंड'

'रीसेंड' दाबलं की आधीचा कोड सहसा बाद होतो. नेटवर्क मंद असेल तर संदेश उशिरा आणि उलटसुलट क्रमाने येतात. तुम्ही पहिला कोड टाकता, चालू असतो तिसरा. कांदिवली ते चर्चगेट लोकलच्या गर्दीत, नेटवर्क येतंय-जातंय अशा वेळी हे काम करूच नका. एकदा कोड मागवा, पाचदहा मिनिटं वाट बघा, सगळ्यात शेवटी आलेलाच टाका.

तरीही काहीच आलं नाही तर कारणं ठरलेली असतात. दोन सिमच्या फोनमध्ये दुसरं सिम बंद करून ठेवलेलं असतं. किंवा त्या सिमचा रिचार्ज संपून बरेच दिवस झालेले असतात, आणि मग येणारे एसएमएसही थांबतात. गुगलच्या मेसेजेस ॲपमधला 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' हा कप्पा कोणी उघडतच नाही, कोड बिचारा तिथे पडून असतो.

फोन चोरीला गेला म्हणून डुप्लिकेट सिम घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस सेवा बंद ठेवायची, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून ओटीपी पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो केला. त्यामुळे सिम चालू झालं, फोनही लागतोय, पण ओटीपी येत नाही, हा बिघाड नसतो. मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन भांडू नका, दुसऱ्या दिवशी कोड मागवा.

ऑथेंटिकेटर ॲपचा (लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणारं ॲप) सहा आकडी कोड चालत नसेल तर फोनचं घड्याळ बघा. तो कोड वेळेवरून तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवली की बहुधा प्रश्न सुटतो. व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. तिथे नेहमीचा पासवर्ड नसतो, सिमवर आलेला कोड आणि तुम्ही ठेवला असेल तर सहा आकडी पिन असतो. पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर ७ दिवस थांबावं लागतं. दुकानदार पैसे घेऊन ते लवकर करून देऊ शकत नाही.

बंद पडलेला नंबर

प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर आणखी ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे तुमच्या २०१८ सालच्या फेसबुक खात्याची किल्ली आज एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात असू शकते, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नसेल. सिम सोडण्याआधी बँकेत नंबर बदलतो तसा गुगल, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे बदलायचा असतो.

नंबर आधीच गेला असेल तर ईमेलचा रस्ता धरा. स्क्रीनवर ईमेलचं पहिलं अक्षर आणि नंबरचे शेवटचे आकडे दिसतात, त्यावरून कोणता पत्ता नोंदवला होता ते ओळखता येतं. खातंच सापडत नसेल तर मित्राला तुमचं प्रोफाइल उघडायला सांगा आणि लिंकच्या शेवटचं युजरनेम वाचून घ्या. तेच शोधात टाका.

उलटा क्रम

लोक आधी इन्स्टाग्राममागे लागतात आणि जीमेल तसंच सोडतात. सोशल मीडियाची किल्ली जीमेलमध्ये असते, तेव्हा सुरुवात तिथून. गुगलचं रिकव्हरी पान नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि घरच्या वायफायवरून उघडा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गुगलचा विश्वास बसतो. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून किंवा स्टेशनच्या फुकट वायफायवरून प्रयत्न केला तर तोच माणूस परका ठरतो. प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणून पुढे जाण्यापेक्षा आठवेल तो जुना पासवर्ड टाका.

खातं कोणी पळवलं असा संशय असेल तर जीमेल कॉम्प्युटरवर उघडून सेटिंग्जमधलं 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' आवर्जून बघा. मोबाईल ॲपमध्ये ते दिसत नाही. चोर तिथे एक नियम लावून ठेवतो, तुमचे मेल गुपचूप त्याच्याकडे जात राहतात आणि तुम्ही कितीही पासवर्ड बदललेत तरी पुढचा कोड त्याला मिळतो.

मग फेसबुक किंवा इन्स्टाग्राम. दोघांच्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत 'hacked' लिहिलं की मदतीचं अधिकृत पान उघडतं. तुमचा ईमेल चोराने बदलला असेल तर जुन्या ईमेलवर तसा संदेश आलेला असतो आणि त्यातल्या दुव्यावरून बदल मागे घेता येतो. तो मेल 'नको ते' समजून पुसू नका. इन्स्टाग्रामच्या खात्यात तुमचे फोटो असतील तर चेहरा इकडेतिकडे वळवत व्हिडिओ सेल्फी मागतात. दादरच्या साडीविक्रेत्याच्या खात्यावर नुसत्या साड्याच असतील तर तो मार्ग बंद. तिथे खातं उघडतानाचा ईमेल किंवा नंबर आणि तेव्हाचा फोन कोणता होता ते सांगावं लागतं. फेसबुकने ओळखपत्र मागितलं आणि खातं उघडताना जन्मतारीख खोटी टाकलेली असेल तर गाडी तिथेच अडते. आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि तेही अधिकृत ॲपमधूनच.

जुन्या व्हिडिओंमध्ये 'ट्रस्टेड कॉन्टॅक्ट्स' म्हणजे मित्रांकडून कोड मागवायची युक्ती सांगतात. फेसबुकने ती सोय केव्हाच बंद केली. तुमच्या मित्राच्या नावाने कोणी 'तुला आलेला कोड पाठव' म्हणत असेल तर तो तुमचंच खातं उघडायच्या मागे आहे.

'मी करून देतो' म्हणणारे

'फेसबुक कस्टमर केअर' असं गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. सामान्य वापरकर्त्यासाठी फेसबुक-इन्स्टाग्रामची फोनवरची सेवा नाहीच, त्यामुळे फोन उचलणारा कोण हे वेगळं सांगायला नको. तो स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो आणि मग सोशल मीडिया बाजूला राहतं, बँकेचा ओटीपी दिसू लागतो. टेलिग्रामवरचे 'एथिकल हॅकर' आगाऊ पैसे घेतात आणि गायब होतात. मोबाईल रिपेअरच्या दुकानात फोन दुरुस्तीला द्या, पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका.

इन्स्टाग्रामकडून आलेला मेल खरा की खोटा हे ॲपमध्येच तपासता येतं. अकाउंट्स सेंटरमधल्या 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'त अलीकडे पाठवलेल्या मेलची यादी असते. तिथे नसेल तर खोटा समजा.

परत मिळालं, पण दार उघडंच

नवा पासवर्ड ठेवताना 'इतर सगळीकडून लॉगआउट करा' हा पर्याय निवडायचा असतो. चोर घरात बसलेला असताना कुलूप बदलून काय उपयोग? मग नोंदवलेले ईमेल आणि नंबर तपासा, चोराने स्वतःचा एखादा जोडून ठेवलेला असतो. जोडलेली ॲप्स आणि गेम काढून टाका.

पासवर्ड लांब हवा. चारपाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड 'ॲटदरेट' घालून सजवलेल्या आठ अक्षरांपेक्षा भारी. पोराचं नाव, गाडीचा नंबर, 'गणपती१२३' नको, आणि एकच पासवर्ड दोन ठिकाणी तर मुळीच नको. एका ठिकाणाहून फुटला की चोर तोच सगळीकडे लावून बघतात.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवर. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) एसएमएसचा टू-फॅक्टर मार्च २०२३ पासून पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो, ॲपचा मात्र फुकट आहे. बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड, त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच. फोन गेला की तेही गेले. कागदावर लिहा आणि पासपोर्ट ठेवता तिथे ठेवा.

तक्रार उशिरा करणं

तुमच्या खात्यावरून कोणाकडे पैसे मागितले आणि कोणी पाठवले, तर पैसे पाठवणाऱ्याने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पैशांचा विषय नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत, पण जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. प्रोफाइलची पूर्ण लिंक आणि तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट न्या. नुसतं नाव सांगून भागत नाही, एका नावाची शेकडो खाती असतात. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. फोन लोकलमध्ये चोरीला गेला असेल तर गुन्हा रेल्वे पोलिसांकडे जातो. तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. २०२१ च्या नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ७ दिवसांत निकाल (फेब्रुवारी २०२६ आधी ही मुदत १५ दिवसांची होती). तोही पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

मंडळाच्या पेजचा पासवर्ड

गणेशोत्सव तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो: 'मंडळाच्या फेसबुक पेजचा पासवर्ड कुणाकडे आहे?' पेजला स्वतःचा पासवर्ड नसतोच. ते कार्यकर्त्यांच्या वैयक्तिक खात्यातून चालतं. ज्याने सुरू केलं तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचं खातं बंद पडलं, की पेज अनाथ. म्हणून पूर्ण अधिकार असलेली किमान दोन माणसं ठेवा आणि दोघांच्याही खात्यावर टू-फॅक्टर असू द्या. इन्स्टाग्रामला मात्र पासवर्ड असतो, आणि तो पाच पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. तिथे नोंदवलेला ईमेल मंडळाच्या नावाने वेगळा काढा, कोणा एकाचा खासगी नको. नवी कार्यकारिणी आली की बँकेतल्या सह्या बदलता, त्याच आठवड्यात हा पासवर्ड आणि ॲडमिनची यादीही बदला.