पिल्लू पायावर उभं राहत नाही? बाटली आणण्याआधी बोटं बघा

दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू. डोळे चकचकीत, भूक शाबूत, दाणे टाकले की पुढे यायची धडपडही आहे, पण पाय साथ देत नाहीत. ते मधल्या सांध्यावर, म्हणजे आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो त्यावर, खुरडत येतं. अशी चार-पाच पिल्लं एकदम दिसली की माणूस घाबरून दुकान गाठतो आणि मिळेल ते टॉनिक आणतो.

पहिल्या खेपेला मीही तेच केलं. बाटलीत अ, ड3, ई आणि बी12 ही जीवनसत्त्वं होती. पिल्लांना हवं होतं बी2. त्यात चार दिवस गेले आणि पाचपैकी तीन पिल्लांची बोटं कायमची वाकडी राहिली. हे दुखणं सुरुवातीला सहज बरं होतं, उशीर झाला तर होत नाही.

आधी पिल्लू वेगळं करा

बाकीची पिल्लं त्याला तुडवतात, खाऊ देत नाहीत. म्हणून टोपलीत किंवा खोक्यात गोणपाट अंथरून त्याला बाजूला ठेवा. वर्तमानपत्र नको, त्यावरून पाय घसरतात. ऊब द्या. पाणी उथळ भांड्यात, बसल्या जागी चोच पोहोचेल असं ठेवा. लुळी पडलेली कितीतरी पिल्लं रोगाने मरत नाहीत, पाण्यापर्यंत जाता येत नाही म्हणून मरतात.

आता पाय नीट बघा

पिल्लू हातात घेऊन उजेडात बघा.

बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळलेली असतील आणि पिल्लू भुकेलं असेल, तर बी2, म्हणजे राइबोफ्लेविन, कमी पडलंय. मांडीतून पायाकडे जाणारी नस, म्हणजे मज्जातंतू, त्यामुळे सुजते. साधारण दहा ते तीस दिवसांच्या पिल्लांत हे दिसतं.

मान मागे वळून चोच आकाशाकडे गेली असेल तर बी1 कमी पडल्याचा संशय घ्या.

चोच दोन बोटांत धरून हलकेच दाबा. रबरासारखी वाकली तर तो मुडदूस: ड3, कॅल्शियम किंवा फॉस्फरसची कमतरता. यात पिल्लू लंगडतं आणि सांधे जाड दिसतात.

गुडघा सुजून पाय बाहेरच्या बाजूला वळला असेल तर मागची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, सांध्यावरून घसरलेली असते. मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्याने असं होतं. घसरलेली शीर औषधाने जागेवर येत नाही. अशा वेळी उरलेल्या पिल्लांचं खाद्य सुधारणं हाच उपाय.

एक-दोन दिवसांच्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकले असतील तर बहुतेकदा कारण निसरडी जमीन असते. मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैल जोडा आणि तीन-चार दिवस तसेच ठेवा. पट्टी काचत नाही ना, हे रोज बघा.

बोटं वळलेली असतील तर बी2 कसं द्यायचं

टॉनिकचं लेबल वाचा, त्यावर ‘राइबोफ्लेविन’ हा शब्द हवा. ते मिळालं नाही तर माणसांसाठीची बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूल चालते, जिच्यात राइबोफ्लेविन 10 मिलिग्रॅम आहे अशी बघून घ्या. ती फोडून उकळून गार केलेल्या 100 मिलिलिटर पाण्यात ढवळा. पाणी पिवळं होईल. आजारी पिल्लाला यातलं 1 मिलिलिटर सकाळी आणि 1 मिलिलिटर संध्याकाळी ड्रॉपरने द्या. थेंब चोचीच्या कडेला लावायचा, पिल्लू स्वतः गिळतं. घशात पिचकारी मारू नका, पाणी श्वासनलिकेत जातं.

त्याच वयाच्या बाकी पिल्लांसाठी तशीच एक कॅप्सूल 1 लिटर पिण्याच्या पाण्यात मिसळा आणि हे आठवडाभर चालू ठेवा. राइबोफ्लेविन उजेडाने नासतं, म्हणून पाणी रोज ताजं करा आणि भांडं सावलीत ठेवा. वेळेवर सुरू केलं तर दोन-तीन दिवसांत बोटं सैल पडायला लागतात. आठवड्यात काहीच फरक नसेल तर नस कायमची दुखावली आहे किंवा आजार वेगळा आहे.

मुडदूस असेल तर ड3 असलेलं टॉनिक लेबलावरच्या मात्रेत द्या आणि पिल्लांना उघडं ऊन द्या. कोंबडीच्या पायाच्या उघड्या कातडीत उन्हाने ड3 तयार होतं, पण काचेतून आलेलं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. लवकर बरं व्हावं म्हणून पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र देऊ नका. त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या गरजेच्या तिपटीहून जास्त असतं आणि कोवळी मूत्रपिंडं त्याने खराब होतात.

मूळ दुखणं खाद्यात आहे

कोकणात आपण पिल्लांना तांदळाची कणी घालतो, घाटावर मक्याचा भरडा. पिल्लाला किलोभर खाद्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या वर राइबोफ्लेविन लागतं. तांदूळ आणि मका दोन्हींत त्याच्या निम्मंही नसतं. आईबरोबर परसात फिरणारं पिल्लू किडे, गवत, शेणातले दाणे टिपून ही कसर भरून काढतं. खुराड्यात कोंडलेल्या पिल्लाला ते मिळत नाही, आणि गिरीराज, वनराजसारखी भराभर वाढणारी पिल्लं आधी लुळी पडतात.

खाण्यातल्या कमतरतेने पाय लुळे पडतात ही गोष्ट जगाला कळली तीही कोंबड्यांमुळेच. 1890 च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्या लष्करी रुग्णालयातला शिजवलेला पांढरा भात खात होत्या. नव्या स्वयंपाक्याने तो भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. पुढे त्यातूनच बी1 चा शोध लागला आणि 1929 च्या नोबेल पुरस्कारात आइकमन यांचा वाटा होता.

म्हणून पहिले सहा आठवडे चिक स्टार्टरच, म्हणजे पिल्लांसाठीचं तयार खाद्यच, द्या. परवडत नसेल तर निम्मं तरी द्या आणि जोडीला उकडलेलं अंडं कुस्करून, बारीक चिरलेला लसूणघास किंवा शेवग्याचा पाला, थोडं ताक द्या. पोतं कोरड्या, अंधाऱ्या जागी बांधून ठेवा. खवट वासाचं खाद्य टाकून द्या, त्यातलं ई जीवनसत्त्व गेलेलं असतं.

रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. ते बी1 ची जागा अडवूनच काम करतं. त्याचा कोर्स चालू असताना बी1 चं टॉनिक दिलं तर औषधाचा जोर कमी होतो, म्हणून ते कोर्स संपल्यावर द्या.

जीवनसत्त्वाचा प्रश्न नसेल तेव्हा

दीड-दोन महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे पसरला असेल तर मरेक्स हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यावर औषध नाही, लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते. मान पिळवटणं, हिरवी हगवण, घरघर आणि भराभर मर ही राणीखेतची लक्षणं आहेत. दोन्ही वेळा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मेलेली पिल्लं उघड्यावर टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

अंड्यातून निघतानाच पिल्लांची बोटं वळलेली असतील तर कमतरता आईत आहे. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी जिची, तिला त्याआधी किमान दोन आठवडे चांगलं खाद्य आणि रोज मूठभर हिरवा पाला द्या.