जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड घरीच कसं बदलावं

घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, मोबाइलवर तेवढा वेगही मिळतो, पण त्याच खोलीत जुना लॅपटॉप तीस-पस्तीसवर अडकतो. भाचीच्या २०१३ च्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. त्या काळच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारं कार्ड आहे, आणि सोसायटीतल्या साऱ्या राउटरची गर्दी त्याच पट्ट्यात. एवढ्यासाठी चांगला चालता लॅपटॉप भंगारात देऊ नका. कार्ड अर्ध्या तासात बदलतं.

मात्र विकत घेण्याआधी लॅपटॉप उघडून बघा. चार्जर काढा, बॅटरी काढा (आत असेल तर तिची पिन सोडवा), पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. स्क्रू लहान-मोठे असतात. मी ते मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये जागेनुसार वेगळे ठेवते. आत पोस्टाच्या तिकिटाएवढं एक कार्ड दिसेल, त्यावर बहुधा अँटेनाच्या दोन तारा, एक काळी आणि एक पांढरी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता पट्टी लावून कार्डाची रुंदी, म्हणजे खाचेत शिरणारी बाजू, मोजा. ३० मिलिमीटर भरली तर कार्ड मिनी पीसीआय-ई प्रकारचं, २२ भरली तर एम.२ प्रकारचं. मिनी पीसीआय-ईसाठी इंटेलचं ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही पट्ट्यांवर चालणारं) एसी ७२६० पुरेसं आहे. ‘वायरलेस-एन ७२६०’ घेऊ नका, ते पुन्हा २.४ वालंच. एम.२ साठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, पण ती इंटेलच्या ठरावीक नव्या लॅपटॉपवरच चालतात. म्हणून ऑर्डर देताना शेवटचा आकडा दोनदा वाचा.

मिनी पीसीआय-ईच्या तारांची टोकं एम.२ पेक्षा मोठी असतात, त्यामुळे अडॅप्टर लावून एम.२ कार्ड बसवलं तरी तार बसत नाही. आणि आत तार एकच असेल, तर दोन अँटेनांच्या कार्डाचाही निम्माच वेग मिळेल.

काही कंपन्यांचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला मूळ प्रोग्रॅम) कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही. सुरू होतानाच पडद्यावर एरर येते. आपल्या मॉडेलला ही अडचण आहे का, ते आधी शोधा. असेल तर बाहेरून लावायचा वायफायचा यूएसबी डोंगल घ्या.

नव्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं कार्ड काढायच्या आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नंतर इंटरनेट कुठून आणणार?

आता हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. तार ओढू नका. नख टोकाखाली घालून सरळ वर उचला. स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं. नवं त्याच कोनात सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. तारेचं टोक बरोबर मधोमध ठेवून अंगठ्याने दाबा, बारीकसा ‘टक’ बोटाला जाणवतो. जाणवला नाही तर बसलेलं नाही. जोर करू नका, पुन्हा मधोमध आणा. ही टोकं साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतीच बनवलेली असतात.

लॅपटॉप सुरू करून ड्रायव्हर टाका, ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क जोडा आणि वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला वेग) बघा. एसी ७२६० वर, दोन्ही तारा लागल्या असतील आणि राउटर तेवढा असेल, तर ८६६ एमबीपीएसच्या आसपास दिसतो. ४३३ वर थांबला तर झाकण पुन्हा उघडा आणि दोन्ही तारा दाबून बघा. ५ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, म्हणून ही तपासणी राउटरच्याच खोलीत बसून करा.