रेसिडेन्सीला जाताय? आधी प्रदर्शनाची तारीख धरा

रेसिडेन्सी म्हणजे काही दिवस दुसऱ्या गावी राहून चित्रं काढायची संधी. तिथं निवड झाल्याचं पत्र आलं की पहिली धाव कॅनव्हासच्या दुकानात घेऊ नका. आधी हॉलचं बघा. मुंबईच्या जहांगीर कलादालनात आठवड्याचं प्रदर्शन मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. मी तिथं अर्ज करून ठेवलाय, पण देवगडच्या महिनाभराच्या रेसिडेन्सीतली चित्रं लावली ती आमच्या कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारकात. तारीख हातात आली की उलटं मोजत यायचं: टांगणं, चौकटी, वाळणं, आणि उरले ते दिवस रंगवायचे.

मी तैलरंगात काम करते, म्हणून वाळण्याबद्दल जरा जास्त सांगते. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. दमट हवेत त्याला आणखी वेळ लागतो. अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. ॲलिझरिन हा गडद लाल आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा फार रेंगाळतात. तेव्हा खालचा थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरचा द्या आणि शेवटच्या आठवड्यात जाड रंगाला हात लावू नका. मी निघायच्या आदल्या दिवशी एका लाटेच्या पोटात ॲलिझरिन भरलं. घरी गुंडाळी उलगडली, तर ती लाट बटरपेपरबरोबर निघून आली. ते चित्र पुन्हा झालं नाही.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. नळाच्या दुकानात ६ इंची पीव्हीसी पाइप मिळतो, त्यावर सैलसर गुंडाळा. बारीक नळीवर नको.

महिन्यातले पहिले आठ-दहा दिवस फक्त स्केचिंग करा, आणि एकच जागा धरा. आमच्याकडच्या कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून चित्रकार आबालाल रहिमान तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आम्हा कोल्हापूरकरांना यापेक्षा मोठा धडा नाही. मी देवगडची जेटी धरली.

आणि गावातल्या लोकांना चित्रं शहराच्या आधी दाखवा. शेवटच्या रविवारी स्टुडिओ उघडा ठेवा, चहा करा, जेटीवर स्वतः जाऊन बोलावून या. माझ्याकडे मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या. सकाळच्या होडीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, हो वारो खंयचो?" मी निशाण जमिनीकडे फडकवलं होतं. त्या दिवसांत पहाटे तिथं मतलई वाहतो, जमिनीवरून समुद्राकडे. महिनाभर रोज बघूनही माझ्या नजरेतून हे निसटलं होतं. निशाण छोटं होतं, पातळ रंगात त्याच संध्याकाळी फिरवलं.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर येऊ द्या. शाळेची मुलं येणार असतील तर दोन-तीन लहान चित्रं खाली घ्या, मान वर करून मुलं फार वेळ बघत नाहीत. चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, माध्यम, माप, वर्ष एवढं पुरे. त्या होडीच्या पट्टीवर आधी 'सकाळ' लिहायचं ठरलं होतं. मी 'मतलई' लिहिलं, आणि छापील फोटो मावशींना जेटीवर नेऊन दिला.