मे महिन्यात विहीर बघा, मग गाव निवडा

तेहतीस वर्षं मी दापोली-मंडणगड भागात विजेच्या खांबांवर चढलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्याकडचे खांब रांगेने आडवे झाले. काही वाड्यांना तार जोडून द्यायला महिन्याच्या वर लागला. वीज नसताना कुठली वाडी तग धरते आणि कुठली बसते, हे मी तेव्हा दारोदार फिरून पाहिलं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. ते परवडेनासं झालं की तसाच महिना पुन्हा येईल आणि तो लवकर संपणार नाही, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा कोकणात राहायला यायचं ठरवत असाल तर जागा अशी बघा.

पावसाळ्यात बघू नका. मी स्वतः एका श्रावणात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वीस गुंठे घेतले. सगळं हिरवंगार, शेजारून वहाळ वाहत होता. एप्रिलात त्याच वहाळात तापलेले धोंडे. इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही.

म्हणून मेच्या मध्यावर या, लांब दोरी घेऊन. मालकाला संध्याकाळी तासभर मोटर लावायला सांगा. आधी पाणी कुठवर होतं, नंतर कुठवर उतरलं, दोरीला दोन गाठी मारा. पहाटे परत दोरी सोडा. पाणी पहिल्या गाठीपाशी आलं असेल तर झरा जिवंत आहे. मग एक कळशी स्वतः ओढा. तीस फुटांच्या खालून घरभराचं पाणी रोज ओढवत नाही, आणि दोनशे फुटांची बोअर तर विजेशिवाय निरुपयोगीच. समुद्राजवळ पाणी चाखून बघा. मोटरांनी उपसा फार झाला की ते मेमध्ये मचूळ लागतं. दारातला नळ हिशेबात धरू नका. विहीर खाली नदीकाठी, टाकी वर टेपावर आणि मध्ये मोटर, अशीच बहुतेक योजनांची रचना असते. डोंगरातून पाटाने आपसूक येणारं पाणी असेल, तर भाव थोडा जास्त द्या पण ती जागा सोडू नका.

कातळावरच्या हापूसच्या बागेला भुलू नका. आंबा वाशीला ट्रकने जातो आणि आपला भाजीपाला घाटावरून ट्रकनेच येतो. त्यापेक्षा भाताची चार खाचरं, वरकस जमिनीत नाचणी-वरी, भातानंतर कुळीथ आणि दहा माड पोट भरतील. गावात बैलजोड्या किती उरल्यात तेही मोजा. १९९१ नंतर सोव्हिएत तेल आटलं तेव्हा क्युबाला पुन्हा बैलांनी नांगरावं लागलं. आमच्याकडे पॉवर टिलर आल्यापासून बैल झपाट्याने कमी झालेत.

नदीच्या पोटात घर नको, उभ्या डोंगराच्या पायथ्याशीही नको. चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड, दोन्ही २२ जुलै २०२१ चीच. खाडीपासून चालत तासाभरावर, पण उधाणाच्या रेषेच्या बऱ्याच वर, अशी जागा मला सगळ्यांत चांगली वाटते. ओहोटीला तिसऱ्या, कालवं असे शिंपले मिळतात आणि रस्ता बंद पडला तरी होडी चालते. आरोग्य केंद्रही पायी गाठता यायला हवं. इथे फुरसं हा विषारी साप चावतो आणि तेव्हा रिक्षाची वाट बघायला वेळ नसतो.

सातबारा वकिलाला दाखवा. वीस-वीस हिस्सेदार निघतात. शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, हेही आधी बघून घ्या.

शेवटी वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘आजी, लाइट येण्याआधी पाणी कुठनं आणायचात?’ ती हात करील तिथवर चालत जा. वादळानंतर तारा ओढत मी एका वाडीत पोचलो, तेव्हा अशाच एका जुन्या बावीचा गाळ बारा-पंधरा माणसं उपसत होती. कुणी बोलावलं नव्हतं, सगळे आपणहून आले होते. दोन दिवसांनी तिथे रहाट बसला. निवृत्त झाल्यावर मी सड्यावरची जागा विकून त्याच वाडीत घर बांधलं. आता दर अक्षय्य तृतीयेला गाळ काढायला मीही बावीत उतरतो.