चिखलातली रात्रभराची रिले: कॅम्प, मोजे आणि झोप कशी सांभाळावी

रात्रभराच्या ट्रेल रिलेत, म्हणजे पायवाटेवरून संघाने आळीपाळीने धावायच्या शर्यतीत, एकेकाच्या वाट्याला धावणं येतं तीन-चार तासांचं, शर्यत मात्र २४ तास आणि कधी त्याहूनही जास्त चालते. मधला सगळा वेळ खाण्यात, मोजे बदलण्यात, मिळेल तेवढी झोप काढण्यात आणि पुढच्याला वेळेवर उठवण्यात जातो. वाट कोरडी असेल तर यात थोडं इकडचं तिकडे झालं तरी निभावतं. पाऊस पडून वाटेचा राबडा झाला की निभावत नाही. म्हणून इथे पळण्याच्या सरावापेक्षा बाकीच्या व्यवस्थेबद्दलच जास्त लिहिलं आहे. सराव तुम्ही करालच.

स्वरूप समजून घ्या, मग संघ भरा

रात्रभराच्या रिलेचा जुना प्रकार रस्त्यावरचा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९८२ साली सुरू झालेली हूड टू कोस्ट ही त्यातली प्रसिद्ध शर्यत: १२ जणांचा संघ, ३६ टप्पे, सुमारे ३२० किलोमीटर, आणि धावपटूंना पुढच्या टप्प्यावर नेऊन सोडणाऱ्या गाड्या. डोंगरातल्या पायवाटेवर गाड्या जाऊ शकत नाहीत. त्यामुळे ट्रेल रिलेत बहुतेकदा सगळे संघ एकाच जागी तंबू ठोकतात आणि तिथूनच निघून तिथेच परत येणाऱ्या फेऱ्या धावतात.

नेहमीची रचना अशी: ८ जण, ३ वेगवेगळ्या फेऱ्या, प्रत्येकाने तिन्ही धावायच्या. फेऱ्या ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात, पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. ८ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला आपोआप दर वेळी वेगळी फेरी येते. पहिला धावपटू आधी पहिली फेरी धावतो, नवव्या टप्प्यात तिसरी आणि सतराव्या टप्प्यात दुसरी. ४ जणांच्या संघातही हे गणित जमतं. सहांच्या संघात मात्र प्रत्येकजण तीच ती फेरी धावत बसेल. त्यामुळे ऐनवेळी एखादा गळाला तर त्याचा टप्पा कुणी धावायचा, याचा नियम आधीच वाचून ठेवा. दर शर्यतीत तो वेगळा असतो.

संघ निवडताना वेगाच्या मागे लागू नका. पहाटे तीनला उठवल्यावर किरकिर न करता बूट घालणारा मध्यम वेगाचा माणूस, दिवसा वाऱ्यासारखा पळणाऱ्या पण झोपमोड झाली की सगळ्यांचं डोकं खाणाऱ्या माणसापेक्षा कधीही बरा.

वेळापत्रक चिखल धरून मांडा

बहुतेक संघ इथेच फसतात. समजा सकाळी १० ला सुरुवात आहे आणि एका फेरीला सरासरी एक तास लागेल असा हिशेब आहे. ८ जणांचे मिळून २४ टप्पे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला शेवट. आता चिखलामुळे प्रत्येक टप्प्याला फक्त १२ मिनिटं जास्त लागली असं धरा. एकूण वाढ होते ४ तास ४८ मिनिटांची, आणि शेवट जातो दुपारी २ वाजून ४८ मिनिटांवर. शर्यत संपवण्याची वेळमर्यादा असेल तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

खरा फटका मधल्या वेळांना बसतो. पहिल्या धावपटूची दुसरी पाळी संध्याकाळी ६ ला येणार होती, ती आता ७:३६ ला येते. म्हणजे उजेडात धावायचं म्हणून हेडलॅम्प तंबूत ठेवलेला माणूस अंधारात सापडतो. आठव्याची दुसरी पाळी रात्री १ ऐवजी पहाटे ४ ला जाते, तर तो दहा वाजल्यापासून जागा राहून करणार काय?

म्हणून दोन वेळापत्रकं लिहा, एक कोरड्या वाटेचं आणि एक चिखलाचं. तंबूच्या दारात एक पांढरा फळा टांगा आणि प्रत्येक बदलाची, म्हणजे एक धावपटू येऊन दुसरा निघाल्याची, प्रत्यक्ष वेळ त्यावर लिहीत चला. अंदाजाचे आकडे पुसून टाका. फोनवर विसंबू नका: अशा जागी नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट. शेकडो पाय त्याच वाटेवरून जात असल्याने फेरी दर तासाला बिघडत जाते. शिवाय पाऊस चालू असतानाचा पातळ चिखल त्या मानाने बरा, बुटावरून निघून तरी जातो. पाऊस थांबल्यावर काही तासांनी तोच चिखल घट्ट आणि चिकट होतो, बुटाला लगदा धरतो आणि पाय जड होतात. उघडीप झाली म्हणून पुढच्या टप्प्यांचा वेळ कमी करू नका.

सामान

बूट किमान दोन जोड हवेत. तळाचे दाते ६ ते ८ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असावेत. जवळजवळ असले तर मध्ये चिखल भरून तळवा सपाट होतो. वॉटरप्रूफ बूट ऐकायला छान वाटतात, पण पाणी घोट्याच्या वरून आत शिरलं की ते बाहेर पडायला वाट उरत नाही. जाळीदार बूट भिजतात आणि निथळतातही. माझं मत जाळीदार बुटांच्या बाजूने. नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवा, टाच घट्ट धरली जायला हवी. दुहेरी गाठ मारून टोकं नाडीखाली खोचा, नाहीतर खोल गाळात पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो.

मोजे सुती नकोत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या, आणि प्रत्येक फेरीला एक जोड अधिक एक झोपायला असा हिशेब धरा. प्रत्येक फेरीचे कपडे, मोजे आणि लहान टॉवेल वेगळ्या हवाबंद पिशवीत भरून वर क्रमांक घाला. रात्री दोनला बॅग उपसत बसायची वेळ येऊ नये.

हेडलॅम्प किमान २००-३०० ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचं एकक) असावा. त्या प्रकाशावर बॅटरी किती तास टिकते ते घरीच लावून बघा, कारण पाकिटावर लिहिलेले तास बहुतेकदा सर्वात मंद प्रकाशाचे असतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. अंगावर परावर्तक जाकीट आणि गळ्यात शिट्टी हवीच. कॅम्पसाठी दोन ताडपत्र्या, दोरी, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, रद्दी वर्तमानपत्रं आणि चिखल धुवायला बादली घ्या.

तंबू उंचवट्यावर ठोका. सखल जागा दुपारी कितीही सपाट आणि सोयीची दिसली तरी रात्री पाणी तिथेच येतं. दारासमोर ताडपत्रीचा आडोसा करा आणि नियम घाला: चिखलाचा बूट या रेषेच्या आत येणार नाही. नियम मोडणाऱ्याला भांडी घासायला लावा.

अंधारात, चिखलात धावताना

पावलं लहान आणि भराभर टाका. पाय शरीराच्या खालीच पडू द्या, पुढे लांब टाकलात तर टाच घसरते आणि तुम्ही पाठीवर पडता. पूर्ण तळवा एकदम टेकवा. हात थोडे बाजूला पसरलेले असू द्या. नजर तीन ते पाच मीटर पुढे ठेवा, बुटाच्या टोकाकडे नको.

डबकं दिसलं की माणूस कडेने जातो. कडेची माती सर्वात निसरडी असते आणि सगळेच कडेने गेले की वाट रुंद होत जाऊन आजूबाजूची झाडंझुडपं मरतात. मधून जा. तळ दिसत नसेल तर चालत जा. ओल्या मुळांवर पाय देऊ नका, ओलांडून जा. वाटेला तिरकं आडवं पडलेलं मूळ सर्वात घातकी. शेवाळलेल्या दगडांचंही तसंच. उतारावर अंग मागे टाकून ब्रेक लावल्यासारखं उतरलं की घसरगुंडी ठरलेली, गुडघे वाकवून थोडं पुढे झुका. तीव्र चढ असेल तर पंजे बाहेर वळवून चालत चढा. तिथे धावून वाचणारी मिनिटं वरच्या टोकाला दम खाण्यात जातात.

डोक्यावरच्या दिव्याची एक अडचण अशी की प्रकाश जवळजवळ डोळ्यांच्याच रेषेतून पडतो. सावल्या दिसत नाहीत, आणि सावली नसली की खड्डा किती खोल ते कळत नाही. जमलं तर दुसरा दिवा कमरेला लावा, खालून येणाऱ्या प्रकाशात प्रत्येक दगडाची सावली उठून दिसते. धुक्यात तर कमरेचाच दिवा कामाचा. डोक्यावरचा धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतो. समोरून कुणी आलं तर मान खाली घाला.

वाटेवरच्या खुणा मोजत चला. पुढे काही झालं तर "अमुक खुणेच्या पुढे" असं सांगता येतं. अडकलात तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. डोंगरात मदत मागण्याची ही ओळखीची पद्धत आहे. दुसरा कुणी जखमी दिसला तर त्याच्यापाशी थांबा आणि मागून येणाऱ्याच्या हाती निरोप पाठवा.

फेरी संपल्यावरची पहिली वीस मिनिटं

आल्या आल्या गप्पा मारत उभं राहण्याचा मोह होतो. अंग गरम असतं, थंडी जाणवत नाही. दहा मिनिटांत दात वाजू लागतात. म्हणून आधी ओले कपडे काढा, कोरडे घाला, टोपी घाला. मग बसा आणि पायांकडे वळा. नाडीची गाठ चिखलात मुरलेली असते आणि बोटं गारठलेली, तेव्हा आधी गाठीवर पाणी ओता. पाय बादलीत धुवा, बोटांच्या बेचक्यांतली रेती काढा, कारण पुढच्या फेरीतले फोड तिथूनच सुरू होतात. नीट पुसा, पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या. जिथे लाल झालंय तिथे टेप, बाकी ठिकाणी व्हॅसलीन. मग झोपण्याचे मोजे.

बुटांच्या आतल्या गाद्या काढून ठेवा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने बोळे बदला. शेकोटीजवळ वाळवू नका, उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो.

पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलेली बरी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. भात, उकडलेले बटाटे, केळी, गोड पेय, जे पोटाला सवयीचं आहे ते. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी पीत राहा. कॉफीचं मात्र जपून. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. ती फेरीच्या आधी प्या, नंतर नाही.

झोप एक तर २०-२५ मिनिटांची डुलकी घ्या, नाहीतर दीड तासाची. मधल्याच वेळी गाढ झोपेतून उठवलेला माणूस बराच वेळ भांबावलेला राहतो. डोळ्याला डोळा नाही लागला तरी डोळे मिटून आडवे व्हा. इअरप्लग आणि डोळ्यांवर पट्टी घ्या, शेजारच्या संघात घोरणारा एकजण असतोच.

बदल

पुढच्याला किमान ४५ मिनिटं आधी उठवा. हाक मारून निघून जाऊ नका, तो उठून बसला आणि त्याने तुमच्याशी दोन वाक्यं बोलली की मगच जा. उठवण्याचं काम त्याच्याआधी धावणाऱ्यावर टाकू नका, तो तर वाटेवर असतो. दोन-दोन जणांच्या जोड्या करा, एक धावतो तेव्हा दुसरा घड्याळ आणि फळा सांभाळतो.

बदलाच्या जागी दहा मिनिटं आधी पोहोचा आणि जाड कोरडं जाकीट घालून उभे राहा. तुमचा साथीदार आला की बिबचा (धावपटूच्या क्रमांकाच्या कापडाचा) पट्टा घ्या आणि तेच उबदार जाकीट त्याच्या खांद्यावर टाका. रात्री चिखलाने माखलेले सगळे सारखेच दिसतात, म्हणून येणाऱ्याने लांबूनच संघाचा क्रमांक ओरडायचा.

येणाऱ्याकडे नीट बघा. शब्द अडखळतायत, बोटांना बकल उघडता येत नाही, चालणं डगमगतंय, ही शरीर धोकादायकरीत्या थंड झाल्याची लक्षणं. ओले कपडे काढून त्याला कोरड्या स्लीपिंग बॅगेत घाला, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. थंडी तशीच असताना कापरं एकाएकी थांबलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. लगेच वैद्यकीय पथकाला बोलवा.

शर्यत संपल्यावर

परतीला गाडी कोण चालवणार हे जाण्यापूर्वीच ठरवा आणि त्या माणसाला शेवटच्या सहा तासांत एकही काम देऊ नका. सगळेच जागे राहिले असतील तर तंबू लगेच उतरवू नका, दोन-तीन तास झोपून मगच निघा. ओले बूट वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा. तळव्यांत अडकलेली माती तिथेच ब्रशने काढून टाका, म्हणजे एका रानातलं बी आणि रोग पुढच्या रानात जात नाहीत. तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.