आंब्याच्या हिशेबाची शीट: या चुका टाळा

मे संपत आला की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या बागायतदारांच्या घरी दलालांच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचा, गठ्ठा होतो. वाशीच्या घाऊक बाजारात किती पेट्या गेल्या, दर काय लागला, हमाली नि भाडं किती कापलं, हातात काय आलं, हे सगळं आता बहुतेक घरांत एक्सेलमध्ये भरलं जातं. भरणारा मुलगा किंवा सून हुशार असते, सूत्रंही येतात. तरी पट्ट्यांची बेरीज आणि शीटची बेरीज जुळत नाही. अशा शीट उघडून पाहिल्या की चूक बहुधा सूत्रात नसते. आपण शीटमध्ये नेमके कुठे उभे आहोत आणि आपली माहिती कुठपर्यंत पसरली आहे, हे न बघता काम केलेलं असतं.

मध्ये रिकामी ओळ सोडणं

सर्वांत जास्त पैसे इथे चुकतात. मार्चच्या पट्ट्या संपल्या की एक ओळ मोकळी, मग एप्रिल, पुन्हा एक मोकळी, मग मे. वहीत हे छान दिसतं. एक्सेलला मात्र पूर्ण रिकामी ओळ म्हणजे माहितीचा शेवट वाटतो. कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की कर्सर मार्चच्या शेवटच्या पट्टीवर थांबतो. कंट्रोल-ए दाबलं तर फक्त तेवढाच तुकडा निवडला जातो. एकाच सेलवर उभं राहून सॉर्ट किंवा फिल्टर लावला तर तोही त्याच तुकड्याला लागतो, बाकीचे महिने जागचे हलत नाहीत. आणि तळाशी जाऊन ऑटोसम, म्हणजे आपोआप बेरजेचं बटण, दाबला तर तो वर चढत पहिल्या रिकाम्या सेलपाशी थांबतो, म्हणजे एकूण म्हणून जो आकडा दिसतो तो एकट्या मे महिन्याचा असतो. दर पडलेल्या महिन्याचा! सुरुवातीच्या चढ्या दराच्या पेट्या त्यात आलेल्याच नसतात.

उपाय साधा आहे. मोकळ्या ओळी काढून टाका आणि महिना कळण्यासाठी तारखेचा रकाना ठेवा. मग माहितीत कुठेही क्लिक करून कंट्रोल-टी दाबा, म्हणजे तिचं टेबल होईल. खाली नवी पट्टी लिहिली की टेबल आपोआप वाढतं. बेरजेआधी सूत्राची व्याप्ती एकदा वाचा: ती पहिल्या पट्टीपासून सुरू होते का?

एकदम तळाशी जाऊन पडणं

रिकाम्या रकान्यात कंट्रोल-खालचा बाण दाबला की कर्सर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर जातो. एक्सेल २००७ पासून शीट तेवढीच लांब आहे, त्याआधी ६५,५३६ ओळी होत्या. घाबरायचं काही नाही, कंट्रोल-वरचा बाण दाबून परत या. पण तिथे चुकून एखादं अक्षर किंवा स्पेस पडली तर ती शीटचा शेवट ठरते. पुढे माहितीच्या शेवटी जायला कंट्रोल-एंड दाबल्यावर कर्सर भलतीकडेच जातो. असं दिसलं तर माहितीच्या खालच्या सगळ्या ओळी निवडून डिलीट करा आणि फाइल सेव्ह करा. नुसता मजकूर पुसून कधीकधी भागत नाही, ओळीच काढाव्या लागतात.

दोन शीट एकत्र निवडलेल्या राहणं

ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती झालेली दिसत नाही. बऱ्याच जणांची पेटीची शीट वेगळी आणि किलोवर जाणाऱ्या कॅनिंगच्या आंब्याची वेगळी असते. खालच्या नावांवर क्लिक करताना शिफ्ट किंवा कंट्रोल दाबलेलं राहिलं तर दोन्ही शीट एका गटात येतात. मग पेटीच्या शीटमध्ये सी१२ ला जो दर लिहाल, तो कॅनिंगच्या सी१२ मध्येही उमटतो आणि तिथला जुना आकडा पुसतो. वर फाइलच्या नावाजवळ ‘ग्रुप’ असा शब्द दिसला की हात थांबवा. शीटच्या नावावर उजवं क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ निवडा, आणि लगेच लक्षात आलं असेल तर कंट्रोल-झेड दाबून लिहिलेलं मागे घ्या. एका शीटवरून दुसरीवर जायला कंट्रोल-पेजडाउन आणि कंट्रोल-पेजअप वापरा, म्हणजे असं गट होणं टळतं.

मथळा गोठवताना

खाली सरकलं तरी मथळा दिसत राहावा म्हणून ‘फ्रीझ पेन्स’ने तो गोठवतात, पण खाली सरकलेल्या अवस्थेत ते लावलं की वरच्या काही ओळी दिसेनाशा होतात आणि कितीही वर सरकवलं तरी येत नाहीत. त्या हरवलेल्या नसतात. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘अनफ्रीझ’ करा, मग पहिल्या ओळीवर या, मथळ्याखालच्या सेलवर उभे राहा आणि पुन्हा गोठवा. गोठवलेल्या शीटमध्ये कंट्रोल-होम ए१ वर न जाता गोठवलेल्या भागाच्या खालच्या पहिल्या सेलवर जातं, यालाही बिघाड समजू नका. ए१ हवा असेल तर सूत्रपट्टीच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये पत्ता लिहून एंटर करा. तिथे कीबोर्ड इंग्रजीवर हवा, आणि पत्त्याऐवजी दुसरा एखादा शब्द लिहिला तर त्या सेलला तेच नाव पडतं. नको असलेलं नाव कंट्रोल-एफ३ दाबून काढता येतं.

बाण दाबल्यावर कर्सर न हलता सगळा पडदाच सरकू लागला तर स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर ते बटण नसेल तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड आणा, तिथे सापडेल. आणि सूत्र लिहिताना बाण दाबला की भलतेच पत्ते त्यात घुसत असतील तर एफ२ दाबा, मग बाण सूत्राच्या आतच फिरतो. गोंधळ वाढला तर एस्केप, जुनं सूत्र जसंच्या तसं राहतं.

राहिला फिल्टर. एका दलालाच्या पट्ट्या बघायला लावलेला फिल्टर तसाच राहतो, ओळींचे आकडे निळे होतात आणि मधले गायब असतात. अशा वेळी बेरजेचं साधं ‘सम’ सूत्र लपलेल्या ओळीही मोजतं, पण रकाना निवडल्यावर खाली दिसणारी बेरीज फक्त दिसणाऱ्या ओळींची असते. दोन आकडे वेगळे म्हणून दलालाला फोन लावण्याआधी ‘डेटा’मध्ये जाऊन ‘क्लिअर’ दाबा. दलालवार बेरीज कायम हवी असेल तर सम ऐवजी ‘सबटोटल’ सूत्र घ्या, पहिला आकडा ९ द्या आणि मग रकान्याची व्याप्ती.